आलोचरावांची नोंद

रुग्णालयात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्या इमारतीला ते 'आलोचराव'. फोन वाजला की हे गृहस्थ पलीकडच्याचं वाक्य पुरतं होऊ देत नसत, अर्ध्यातच "आलोच!" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. आता "आलोच" म्हणणाऱ्यांना या जगात तोटा नाही. तोटा आहे तो खरोखर येणाऱ्यांचा. हे यायचे. कुणा खट्याळ नर्सने एकदा त्या शब्दाला 'राव' चिकटवलं, आणि ते असं चिकटलं की नव्या डॉक्टरांना वाटायचं, हेच यांचं आडनाव असावं.

काम म्हणाल तर इमारतीतले सगळे कॉम्प्युटर, सगळे प्रिंटर, त्यांच्या वायरी, आणि तळमजल्यावरच्या खोलीत गुरगुरत बसलेले सर्व्हर. माणूस म्हणाल तर हे एकटे. ती खोली पूर्वी चादरींची होती. फळ्या तशाच ठेवून त्यांवर यंत्रं मांडली होती, आणि फळ्यांच्या कडेला जुन्या चिठ्ठ्या अजून शाबूत होत्या: 'मोठ्या चादरी', 'उशांचे अभ्रे', 'फाटकं, शिवायला'. ज्या सर्व्हरवर रुग्णालयाचा निम्मा कारभार चालायचा, तो नेमका 'फाटकं, शिवायला'च्या फळीवर बसला होता. आलोचरावांनी ती चिठ्ठी मुद्दामच काढली नव्हती. खोलीला खिडकी नव्हती, यंत्रांसाठी सोडलेला गारवा मात्र मुबलक होता, म्हणून ते बारा महिने स्वेटर घालून बसत आणि तसेच बाहेर उन्हात आले की लोक वळून बघत.

ते थकले होते. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कधी सांगत नसत. झोप काढली की उतरेल असला तो थकवा नव्हता. घास हातात असताना फोन, दाढीचा साबण गालावर असताना फोन, आणि स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभं राहून कुणीतरी, "आलोचराव, आत आहात का? माझा पासवर्ड घेत नाहीये." असल्या थकव्याला गोळी नसते. त्याला माणूस लागतो, दुसरा माणूस. आणि तो दुसरा माणूस आलोचरावांना स्वतःच्या आरामासाठी नको होता, बायकोच्या गुडघ्यासाठी हवा होता.

बाईंचा उजवा गुडघा केव्हाच कामातून गेला होता. घर वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्या कठडा दोन्ही हातांनी धरून जिना आडव्या चढायच्या, आडव्या उतरायच्या, आणि वाटेत कुणी भेटलंच तर म्हणायच्या, "जा तुम्ही पुढे, माझी मिरवणूक निघालीय." हाडांचे डॉक्टर त्याच रुग्णालयातले. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सांधा बदलायचा, दुसरा इलाज नाही. पण त्यानंतर काही आठवडे घरात सतत कुणीतरी हवं, उठवायला, चालवायला, व्यायाम करून घ्यायला. लेक लांबच्या गावी, तिच्या मांडीवर तान्हं मूल. म्हणजे नवराच हवा. आणि नवऱ्याला एवढी रजा मिळायची तर त्याच्या जागी कुणीतरी बसायला हवं. इथे घोडं पेंड खात होतं. तारीख ठरायची, आणि पुढे जायची.

डॉक्टर व्हरांड्यात गाठून विचारत, "काय हो, वहिनींना कधी आणताय? जितका उशीर कराल तितकं जड जाईल." आलोचराव उत्तर जुळवेपर्यंत तेच पुढे म्हणत, "ते बघा तुम्ही. पण आधी जरा वर या, माझ्याकडे एक्स-रे उघडत नाहीये."

"आलोच," आलोचराव म्हणत.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना सगळे मोठे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. आलोचराव दुसऱ्या माणसाची मागणी घेऊन पुन्हा एकदा त्यांच्यासमोर बसले, तेव्हा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"मला पटतंय हो तुमचं," साहेब म्हणाले, "पण मला पटून उपयोग काय? वर समितीपुढे ठेवायला काहीतरी लागतं. तुमच्याकडे तक्रारी किती येतात? कुठल्या विभागातून? सोडवायला किती वेळ जातो? आहे का काही?"

काय होतं आलोचरावांकडे? तळहातावर पेनने लिहिलेले खोल्यांचे नंबर. संध्याकाळी हात धुतले की तेही वाहून जात.

"सगळीकडे आता तक्रारी नोंदवायचा प्रोग्राम असतो," साहेब पुढे म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगायचं? तो बसवा. लोकांनी त्यात लिहायचं, तुम्ही सोडवायचं, सगळ्याची आपोआप नोंद. महिनाभर चालवा. आकडे आले की तुमच्या माणसासाठी मी स्वतः भांडतो. शब्द देतो."

आलोचराव त्या दिवशी घरी आले ते जरा बरे दिसत होते. वाटेत डॉक्टरांकडून त्यांनी पुढची तारीखही घेऊन ठेवली होती. बाई खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "तुम्हाला काम फार आहे, हे सिद्ध करण्यासाठी तुम्हाला आणखी एक काम दिलं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तसंच होतं, म्हणून आलोचरावांनी विषय पुढे नेला. "एकदा ते बसलं की माणूस मिळेल. माणूस मिळाला की रजा. या वेळी तारीख मोडायची नाही."

"आणि ते बसणार कधी?"

"बघू. येत्या रविवारी बसवतो."

"बसवा, बसवा. त्या थंडगार खोलीत माझी एक सवत आहेच. तिला सोबत होईल." आणि हसत हसत त्यांनी पाय खाली घेतला, तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

रविवारी बाहेरचे रुग्ण नसत, फोन कमी. आलोचरावांनी डबा घेतला, स्वेटर चढवला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर ते भाड्याच्या इमारतीचं उदाहरण देत. इमारत एक, वीज-पाणी एक, दारावर रखवालदार एक. आत बिऱ्हाडं निरनिराळी. जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम ही ती बिऱ्हाडं. त्यांच्या इमारतीत एक जुनं बिऱ्हाड आधीपासून होतं: नर्सेसच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम. तो हट्टी. त्याला जुनीच जावा लागायची. नवी दिली की तोंड फिरवून बसायचा, आणि त्यानं तोंड फिरवलं की मेट्रनबाई इमारत डोक्यावर घेत. आणि हा तक्रारींचा नवा प्रोग्राम जुन्या जावावर पाऊल ठेवायला तयार नाही. दोघांना एका छपराखाली नांदवणं शक्यच नव्हतं. तेव्हा आलोचरावांनी दुसरी इमारतच उभी केली. त्याच यंत्रावर दुसरा ॲप्लिकेशन सर्व्हर, त्याची जावा वेगळी, आत यायचा पोर्ट वेगळा, मेमरीचा वाटा वेगळा. नवा, रिकामा डेटाबेस करून दिला. त्या डेटाबेसशी बोलायला लागणारी छोटी फाइल शोधून योग्य फोल्डरात ठेवली. प्रोग्रामने आपल्या चीजवस्तू कुठे ठेवायच्या, ते घरचं फोल्डर बनवलं आणि त्याचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. शिवाय हे सगळं चालवायला एक वेगळं, मुद्दाम कमी अधिकारांचं खातं उघडलं, कारण सर्वाधिकारी खात्यावरून असली गोष्ट चालवायची नसते. घराची सगळी कुलपं उघडी टाकून झोपण्यासारखं ते. हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं.

मग तक्रारींचा अख्खा प्रोग्राम बांधलेली एकच फाइल त्यांनी जागेवर टाकली आणि सर्व्हर सुरू केला. पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. ब्राउझर उघडला, आणि स्वागताचं पान समोर. पहिल्याच फटक्यात! असं त्यांच्या नशिबात सहसा नसायचं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हटलं, आता रीतसर करू. त्यांनी तो बंद केला आणि नेहमीसारखा, यंत्राबरोबर आपोआप उठेल अशा पद्धतीने पुन्हा सुरू केला. काही नाही. पान कोरं. पुन्हा केला. कोरंच. लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या मनातलं जिथे लिहितो ती फाइल, उघडून पाहिली, तर तिच्यात सगळं सुरळीत. एकही चूक नाही. आजारी माणूस "काही होत नाही मला" म्हणून भिंतीकडे तोंड करतो तशातला प्रकार.

त्यांनी मेमरी वाढवली. कमी केली. पोर्ट बदलला. डेटाबेसचा पासवर्ड नव्याने दिला. जावा दोन ठिकाणी होती, त्यातली चुकीची उचलतोय का ते पाहिलं. डबा तसाच बंद. डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली, आणि मग मोबाइल वाजला.

"जेवलात का?" बाई.

"होतच आलंय आता."

"जेवण की काम?"

"काम."

"काय अडलंय?"

बाईंना त्यातलं काही कळत नसे, पण विचारायच्या त्या मनापासून, म्हणून आलोचरावही मनापासून सांगत. "सगळं दिलंय गं त्याला. जावा दिली, मेमरी दिली, डेटाबेस दिला. घराचा पत्तासुद्धा लिहून दिला. तरी उठत नाही."

"घराचा पत्ता?"

"म्हणजे त्याचं घरचं फोल्डर कुठे आहे, ते आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर त्याला कळत नाही कुठे जायचं."

"अरे वा," बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यावरच गेलाय."

आलोचराव हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. आणि हसून पुन्हा त्या लॉगकडे बघताना त्यांना दिसलं, की शेवटची ओळ सकाळची आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं ते सकाळचं, पहिल्यांदा सुरू केलं तेव्हाचं. त्यानंतर त्यात एक अक्षर उमटलेलं नाही. सर्व्हरला काही सांगायचं नव्हतं असं नाही. त्याला लिहायलाच बंदी होती.

मग सगळा उलगडा झाला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सकाळी फोल्डर हलवता हलवता ते सर्वाधिकारी खात्यातच बसले होते, आणि "बघू तरी चालतंय का" म्हणून त्याच खात्यातून त्यांनी सर्व्हर सुरू केला होता. तेव्हा ज्या ज्या फाइली जन्मल्या त्या सगळ्यांची मालकी त्या बड्या खात्याकडे गेली. मागाहून आलं ते बिचारं कमी अधिकारांचं खातं. त्याला स्वतःच्याच घरात लेखणी उचलायची सोय राहिली नव्हती. शिकाऊ माणसाने पहिल्या आठवड्यात करायची ही चूक. जिच्यासाठी आपण दुसऱ्यांचे कान उपटले ती. थकलेला माणूस काही नव्या चुका करत नाही. नव्या करायला उत्साह लागतो.

एका आज्ञेत त्यांनी सगळ्या फोल्डरची मालकी त्या गरीब खात्याच्या नावे केली. सर्व्हर उठला. त्यांनी विभागांची नावं भरली, सगळ्यांची खाती उघडली, कुणी काही नोंदवलं की आपल्याला मेल येईल आणि मोबाइल थरथरेल अशी तजवीज केली, आणि स्वतःच पहिली तक्रार लिहिली: 'चाचणी. प्रिंटर अडकला.' ती स्वतःच्या नावावर घेतली, 'सोडवली' असं बटण दाबलं. ओळ हिरवी झाली. आयुष्यभर इतके प्रिंटर सोडवले, पण सोडवला असं कुठे दिसलं, ते हे पहिल्यांदा. ते त्या हिरव्या ओळीकडे बघत बसले आणि गार झालेली पोळी खाल्ली.

"बसलं," त्यांनी घरी येऊन सांगितलं.

"मग तुम्हीही बसा आता," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक विभागात सूचना लागली, साहेबांच्या सहीनिशी: तक्रार फोनवर करू नये, प्रोग्राममध्ये नोंदवावी. लोकांनी ती वाचली, माना डोलावल्या आणि फोन उचलला.

"आलोचराव," मेट्रनबाईंचा फोन, "नोंदवायचंय ना, नोंदवते मी. अगदी नक्की. पण आत्ता तेवढं बघून जा, मग सावकाश नोंदवते."

"आलोच."

गेले, केलं, आले. आता दात काढून झाल्यावर दातदुखीची चिठ्ठी कोण लिहितं? औषधांच्या खिडकीवरचा तर म्हणायचा, "तुम्हीच लिहा ना काय ते, तुम्हाला बरं कळतं." आणि आलोचरावही म्हणायचे, हो, लिहितो. त्यांचा तसा बेत असायचाही. पण खोलीपर्यंत परत येईतो वाटेत आणखी कुणीतरी बाही ओढलेली असायची, आणि खुर्चीवर टेकेपर्यंत कुठून निघालो होतो तेच विसरलेलं असायचं. संध्याकाळी लिहू म्हणावं, तर संध्याकाळी बोटं उचलायची जिवावर येई. एकदा दोनदा त्यांनी फोनवर "आधी नोंदवा" म्हणायचा निश्चय केला. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. पण फोन वाजला की तोंडातून जे निघायचं तेच निघायचं. वर्षानुवर्षांची सवय, ती काय सूचना वाचून जाते?

महिना सरला. साहेबांनी बोलावलं. आलोचराव कॉलर नीट करून गेले.

साहेबांनी आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. पडदा जवळजवळ रिकामा. वर त्यांचीच ती चाचणीची हिरवी ओळ. खाली मेट्रनबाईंची एक नोंद: 'कुणी आहे का?' त्याखाली स्वयंपाकघरातली, पंखा आवाज करतो म्हणून, जी मुळात त्यांच्याकडे यायचीच नव्हती. आणखी अशाच दोनचार.

"चांगलीच गोष्ट आहे ही," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. "म्हणजे यंत्रणा उत्तम चाललीय. पण हे घेऊन मी समितीपुढे दुसरा माणूस मागायला गेलो, तर ते मला विचारतील, पहिला कशाला ठेवलाय?"

"साहेब, लोक नोंदवत नाहीत. फोन करतात."

"आणि तुम्ही?"

"मी जातो."

"मग?" साहेबांनी हात पसरले. तेवढ्यात आलोचरावांच्या खिशात फोन वाजला, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत, स्वतःलाही कळायच्या आत, ते म्हणाले, "आलोच."

साहेब हसले. आलोचरावांनाही हसावं लागलं. ते दाराशी पोचले तसे साहेब मागून म्हणाले, "आणि हो, आलाच आहात तर जरा बघता का? माझा मेल सकाळपासून अडकलाय." आलोचराव मागे फिरले. मेल सोडवला. त्याचीही नोंद कुठे झाली नाही.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. टोमणा येईल, सवत निघेल, मिरवणूक निघेल, म्हणून ते मान खाली घालून तयारीत बसले होते. बाई फक्त "बरं" म्हणाल्या. मग उठून, टेबल धरत, दार धरत आत गेल्या. आलोचरावांना त्या "बरं"चा जितका धसका बसला तितका साहेबांच्या रिकाम्या पडद्याचाही बसला नव्हता. आपण साऱ्या इमारतीचे, आणि हिचे कुणी नाही, हे त्यांना त्या वेळी लख्ख कळलं, आणि कळूनही सकाळी ते डबा घेऊन कामावर गेले.

पुढे थोड्याच दिवसांत, भर दुपारी, टेबलावरच्या फोनवर मेट्रनबाई पाळ्यांच्या प्रोग्रामबद्दल तावातावाने सांगत होत्या, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. घरून, बायकोचा. त्या कामाच्या वेळी फोन करत नसत.

"अहो, कामात आहात का?"

"बोल."

"काही नाही. खाली कचरा टाकायला गेले होते. येताना गुडघा अडकलाय. मधल्या वळणावर बसलेय. शेजारी कुणी नाही. तुम्ही कामात असाल तर राहू द्या, सुटेल हळूहळू." आवाज हसरा ठेवायचा त्या प्रयत्न करत होत्या. तो शेवटच्या शब्दावर फुटला.

"आलोच," आलोचराव म्हणाले.

एका हातात टेबलावरचा फोन होता, त्यातून मेट्रनबाई अजून बोलत होत्या. "बाई, मी घरी चाललोय," त्यांनी सांगितलं, "तेवढं नोंदवून ठेवा," आणि फोन ठेवला. खोलीचं दार लावलं. व्हरांड्यात औषधांच्या खिडकीवाल्याने हाक मारली, ती त्यांना ऐकू आली, आणि ते थांबले नाहीत. स्वेटर घालूनच ते रस्त्याला लागले. वाटेत मोबाइल वाजत राहिला, तो त्यांनी उचलला नाही.

बाई जिन्याच्या मधल्या वळणावर बसल्या होत्या, पाय लांब करून, रिकामी बादली शेजारी. घामाने चेहरा डबडबलेला. आलोचराव धापा टाकत त्यांच्याजवळच्या पायरीवर टेकले. दोघांनी मिळून तो पाय हळूहळू सरळ केला, मग किंचित वाकवला. बाईंनी ओठ घट्ट आवळले होते.

"लगेच उठू नकोस," ते म्हणाले. "बसू जरा."

बसले. खिशात मोबाइल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मग थरथरतच राहिला. त्यांनी काढून पाहिला. तिसऱ्या मजल्यावर प्रिंटर बंद. पाळ्यांचा प्रोग्राम उघडत नाही. औषधांच्या खिडकीवर स्क्रीन काळी. पासवर्ड. पासवर्ड. एक्स-रे उघडत नाही, हाडांचे डॉक्टर. रुग्णालयात टेबलावरचा फोन वाजून वाजून थकला असणार, उचलायला कुणी नाही. आणि लोकांना अखेर भिंतीवरची सूचना आठवली होती. एकेक जण बसून लिहीत होता. महिनाभर कोरा राहिलेला पडदा भरत चालला होता.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. नोंद होतेय."

मग खरोखरचा फोन आला. मोठे साहेब.

"अहो, आहात कुठे तुम्ही? इथे तुमच्या प्रोग्रामवर तक्रारींचा नुसता ढीग लागलाय! काय झालंय काय आज?"

आलोचरावांना उत्तर द्यायला जोर करावा लागला नाही. जोर उरलाही नव्हता. "आज काही झालेलं नाही, साहेब. रोज एवढ्याच असतात. आज फक्त मी फोन उचलला नाही."

साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या येताय ना?"

"उद्या येतो. पण पुढच्या महिन्यात बायकोचं ऑपरेशन आहे, तेव्हा काही आठवडे येणार नाही. तेही नोंदवून ठेवतो."

"बघू," साहेब म्हणाले. आलोचरावांनी फोन ठेवला. मग बादली उचलून उगीच बाजूला केली.

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. 'बघू' म्हणाले." ते बायकोकडे वळले. "डॉक्टरांना तारीख नको म्हणून कळवलंस का गं?"

"नाही. म्हटलं, तुमच्याच तिथे आहेत, तुम्हीच सांगाल."

"मग आहे अजून तारीख."

"आहे," बाई म्हणाल्या. "एक सांगू? मघाशी फोनवर तुम्ही मला 'आलोच' म्हणालात."

"मग?"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला नेहमी 'बघू' असायचं."

आलोचरावांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या मागोमाग रडूच आलं, स्वेटरच्या बाहीने पुसावं लागलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खिशात फोन पुन्हा थरथरला. या वेळी दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही. मग त्यांनी बायकोला कोपराला धरून उठवलं, बादली दुसऱ्या हातात घेतली, आणि दोघंही कठड्याला टेकत, आडवी पावलं टाकत, एक एक पायरी वर चढू लागले.